गवताचे भाडे



आजचा विषय ऐकून कित्येकांना थोडे नवल वाटले असेल. अमेरिकेतील एका आडवळणाच्या कौंटीत शेतकऱ्यांना जमीन राखण्याबद्दल सरकारी पैसा मिळतो, त्याच्याशी या मांडवात बसलेल्या माणसाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो एका प्रश्नाचा आहे. जमीन शेतकऱ्याची. ती धुपली तर पहिले नुकसान त्याचे. मग ती राखण्यासाठी इतरांनी आपल्या करातून त्याला पैसे का द्यावेत? आणि दिले, तर त्या पैशाने नेमके काय विकत मिळते? या प्रश्नाचा प्रयोग जगात इतका दीर्घकाळ आणि इतका पैसा ओतून दुसरीकडे क्वचितच झाला असेल. नव्वद वर्षांचा तो अनुभव आज आपणांपुढे ठेवावा, असा आमचा हेतू आहे.

प्रथम स्थळ पाहू. ओक्लाहोमा राज्याचा नकाशा पाहिला तर तो दांड्याच्या कढईसारखा दिसतो. पश्चिमेकडे गेलेल्या त्या दांड्याच्या अगदी टोकाला सिमॅरॉन नावाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. हिचे क्षेत्रफळ १,८०० चौरस मैलांवर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याच्या निम्म्याला थोडे कमी. आणि लोकवस्ती? २०२० च्या खानेसुमारीत ती २,३०० च्या आत भरली. आपल्याकडच्या एखाद्या बेताच्या खेड्याची वस्ती अर्ध्या जिल्ह्यावर विखरून टाकावी, तसा हा प्रकार आहे. पाऊस वर्षाला सतरा-अठरा इंच, तोही लहरी. आपण ज्याला अवर्षणग्रस्त म्हणतो त्या सोलापुरालाही याहून पुष्कळ जास्त पाऊस मिळतो. वारा मात्र बारमाही. बॉईझ सिटी हे तिथले मुख्य ठाणे. १९०८ साली ते वसवणाऱ्यांनी जाहिरातींत फरसबंद रस्ते आणि झाडांच्या रांगा दाखवून भूखंड विकले. घेणारे येऊन पाहतात तो उघडा माळ! विकणाऱ्यांना पुढे त्या फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. पण माणसे आली होती, ती राहिली.

त्या माळावर मूळचे आखूड गवत होते. उंचीने वीतभर, पण मुळांची जाळी अशी दाट की वाऱ्याचे तिच्यापुढे काही चालत नसे. १९०९ च्या कायद्याने अशा कोरड्या मुलखात येऊन वसणाऱ्याला ३२० एकर जमीन मिळू लागली. पुढे पहिले महायुद्ध आले. युरोपात गहू पिकेना, अमेरिकेत तो सोन्याच्या भावाने जाऊ लागला. १९१९ साली बुशेलला, म्हणजे आपल्या सुमारे सत्तावीस किलोंना, दोन डॉलरांवर भाव होता. ट्रॅक्टर आले, त्यांच्यामागे तबकड्यांचे नांगर आले आणि माळच्या माळ उलटून निघाले. कित्येक जण तर गावात राहतसुद्धा नसत. बॅग घेऊन यावे, पेरावे, निघून जावे आणि कापणीला पुन्हा उगवावे. त्यांना तिथे ‘सुटकेसवाले शेतकरी’ असेच नाव पडले. १९३१ साली गव्हाचा भाव चाळीस सेंटांच्या आसपास आला. भाव पडला तेव्हा शेतकऱ्याने काय केले? तोटा भरून काढण्यासाठी आणखी जमीन नांगरली! आणि त्याच सुमारास पावसाने पाठ फिरवली.

पुढची हकीकत जगाला ठाऊक आहे. पीक नाही, गवत नाही, उघडी भुसभुशीत माती आणि वर वारा. १९३४ च्या मे महिन्यातील एका वादळाने तिकडची माती उचलून पूर्व किनाऱ्यावर, अटलांटिकमधील जहाजांवर नेऊन टाकली. १४ एप्रिल १९३५ या रविवारी तर दिवसाढवळ्या असा अंधार पडला की त्या दिवसाला ‘काळा रविवार’ म्हणतात. १९३६ च्या एप्रिलात आर्थर रॉथस्टीन नावाच्या छायाचित्रकाराने याच सिमॅरॉन कौंटीत एक चित्र टिपले. एक शेतकरी आणि त्याची दोन लहान मुले धुळीच्या लोटातून, वाळूत अर्धवट बुडालेल्या खोपटाकडे धावत आहेत. १९३० साली कौंटीत पाच हजारांवर माणसे होती, १९४० साली साडेतीन हजारांवर थोडी राहिली. दहा वर्षांत तीन माणसांमागे एक उठून गेला.

येथे सरकार पुढे आले. ह्यू बेनेट हे नाव या संदर्भात आदराने घ्यावयास हवे. हा मृत्तिकाशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत होता की धूप हे राष्ट्रावरचे संकट आहे. पण ऐकतो कोण? १९३५ च्या वसंतात तो वॉशिंग्टनला कायदेमंडळाच्या समितीपुढे साक्ष देत असताना पश्चिमेची धूळ राजधानीवर येऊन आकाश गढूळ झाले, असे सांगतात. त्याला अधिक पुरावा द्यावा लागला नाही. २७ एप्रिल १९३५ रोजी मृद्संधारणाचा कायदा झाला. बेनेटच्या खात्याची माणसे गावोगाव जाऊन समपातळीत नांगरट, पट्ट्यापट्ट्यांची पेरणी आणि बांध घालून दाखवू लागली.

परंतु शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा आला तो निराळ्याच वाटेने, आणि ही वाट आपण नीट पाहिली पाहिजे. १९३३ च्या कायद्याने सरकार शेतकऱ्यांना पीक कमी करण्याबद्दल पैसे देत होते. हेतू मातीचा नव्हता. माल कमी व्हावा आणि भाव वर यावा हा होता. १९३६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. आता काय करावे? पुढच्याच महिन्यात नवा कायदा आला. गहू, कापूस, मका ही पिके जमिनीचा कस खाणारी. गवत आणि द्विदल पिके कस राखणारी. पहिलीतून दुसरीकडे वळणाऱ्याला सरकार मोबदला देईल, असे त्यात म्हटले होते. म्हणजे पैसा जवळपास तोच, घेणारा तोच, फक्त पाकिटावरचे नाव बदलले! आम्ही हे टवाळीने सांगत नाही. माती राखणे आणि भाव राखणे हे दोन हेतू त्या दिवशी एका जोखडाला जुंपले गेले, ते आजतागायत सुटलेले नाहीत. दोन्ही बैल एका दिशेने ओढतात तोवर गाडी धावते. भाव चढले की एक बैल उलटा फिरतो. पुढचा सारा इतिहास या एका गोष्टीत आहे.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी दिसली. पैसा जातो जमिनीच्या मालकाला; जमीन कसतो कूळ. दक्षिणेत कापसाच्या मुलखात मालकांनी पीक कमी केल्याचा मोबदला घेतला आणि कुळांना वाटेला लावले. १९३४ साली आर्कान्सॉमध्ये काळ्या आणि गोऱ्या कुळांनी एकत्र येऊन संघटना उभी केली, ती या अन्यायातूनच. अनुदानाचा हिशेब एकरांवर झाला की ज्याला एकर नाहीत तो हिशेबाबाहेर पडतो. हे तेव्हा खरे होते आणि आजही कुठल्याही देशात खरे आहे.

याच काळात झालेली दुसरी एक व्यवस्था आम्हांस फार मोलाची वाटते. १९३७ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी प्रत्येक राज्याच्या गव्हर्नराकडे एका कायद्याचा नमुना पाठवला. त्यात म्हटले होते की शेतकऱ्यांनी आपल्या भागाचे मृद्संधारण मंडळ स्थापावे, त्याचा कारभार स्थानिकांनी पाहावा आणि सरकारी तज्ज्ञाने मदतनीस म्हणून राहावे. पहिले मंडळ त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनात, बेनेटच्या जन्मभूमीच्या कौंटीत निघाले. आज देशभरात अशी सुमारे तीन हजार मंडळे आहेत. जमिनीच्या वापरावर निर्बंध घालण्याचा अधिकारही त्या नमुन्यात होता. तो मात्र क्वचितच कोणी वापरला. शेजाऱ्याला पैसे मिळवून देणे सोपे असते. ‘तू हा उतार नांगरू नकोस’ हे सांगणे कठीण असते. हा मनुष्यस्वभाव सातासमुद्रांपलीकडेही बदलत नाही.

दुसरे महायुद्ध आले, पाऊस आला, भाव आले. माळ पुन्हा नांगरला गेला. पन्नाशीच्या दशकात पुन्हा अवर्षण आणि पुन्हा धूळ. १९५६ साली ‘सॉइल बँक’, म्हणजे मातीची पेढी, नावाची योजना निघाली. शेतकऱ्याने जमीन काही वर्षे पिकाखालून काढून गवताखाली ठेवावी आणि सरकारने त्याला वार्षिक भाडे द्यावे. १९६० साली या योजनेत सुमारे २ कोटी ८७ लाख एकर जमीन होती. मग करार संपत गेले. १९७२ साली सोव्हिएट रशियाने अमेरिकेचा गहू प्रचंड प्रमाणावर उचलला, भाव आकाशाला भिडले आणि खुद्द शेतीमंत्री अर्ल बट्झ शेतकऱ्यांना कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा म्हणून सांगू लागले. ज्या जमिनीला गवतावर राहण्यासाठी दहा दहा वर्षे भाडे दिले, त्यातली पुष्कळशी पुन्हा नांगराखाली गेली. आपल्याकडे म्हण आहे, ‘भाड्याचे घर, खाली कर!’ येथे भाडेकरू होते गवत. भाडे थांबले आणि गवताला घर खाली करावे लागले.

आता सध्या चालू असलेल्या योजनेकडे येऊ. ही १९८५ च्या शेती कायद्याने निघाली. तिला आपण ‘राखीव जमीन योजना’ म्हणू. तिची रीत अशी. जमीन धुपणारी हवी आणि पूर्वी पिकाखाली असलेली हवी. शेतकऱ्याने कौंटीच्या कचेरीत अर्ज करून, एकरी किती भाड्यात आपण ती देऊ, ते लिहून द्यावयाचे. मंजुरी मिळाली की करार दहा ते पंधरा वर्षांचा. गवत लावण्याचा निम्मा खर्च सरकारचा, निम्मा शेतकऱ्याचा. करार चालू असता तेथे पीक घ्यावयाचे नाही. कापणी आणि चराईवरही निर्बंध, दुष्काळात मात्र सवलत मिळते. एका व्यक्तीला वर्षाला ५०,००० डॉलरांहून अधिक भाडे नाही. आणि एका कौंटीतील पिकाऊ जमिनीपैकी पंचवीस टक्क्यांहून अधिक साधारणपणे योजनेत घ्यावयाची नाही.

ही शेवटची अट का? ती गावासाठी आहे. सॉइल बँकेच्या वेळी कित्येकांनी अख्खे शेतच योजनेत घातले. शेत पडून राहिले की बियाणे नको, खत नको, डिझेल नको, गडी नको. मालकाला भाडे पोहोचते, मग तो डेन्व्हरला का राहीना; पण कोठारवाल्याच्या वजनकाट्यावर गाडी येत नाही, लोहाराकडे फाळ येत नाही, शाळेत पोर येत नाही. सिमॅरॉनसारख्या ठिकाणी, जिथे चार दुकाने बंद पडली तर बाजार संपला, तिथे ही तक्रार पोकळ म्हणता येणार नाही. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००४ साली अमेरिकेच्या शेतीखात्याने या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की ज्या कौंट्यांत फार जमीन योजनेत गेली तिथे आरंभी काही रोजगार बुडाला, पण तो परिणाम कायम टिकला नाही. माणसे खेडी सोडून जात होती ती योजनेपूर्वीपासूनच. मोठी यंत्रे, मोठी शेते आणि दूरचे शहर यांनी जे केले त्याचे सारे खापर गवताच्या माथी मारणे बरोबर नव्हे.

दुसरा आक्षेप भाड्याच्या ठरावाबद्दल. पहिल्या काही फेऱ्यांतच शेतकऱ्यांनी ताडले की आपल्या भागात सरकार जास्तीत जास्त किती देते. मग सगळ्यांचे आकडे त्या कमाल आकड्याशी येऊन थांबू लागले. लिलाव नावाचा राहिला! देशभराची सरासरी तेव्हा एकरी ५० डॉलरांच्या आसपास गेली, आणि पुष्कळशा कोरड्या जमिनीला बाजारात एवढा खंड मिळाला नसता. पुढे नव्वदीत सरकारने गुण देण्याची पद्धत काढली. माती किती वाचेल, पाणी किती निर्मळ राहील, पशुपक्ष्यांना आसरा किती मिळेल आणि खर्च किती, असे सारे मोजून अर्ज लावू लागले. गवत कोणते लावता यालाही गुण मिळू लागले. आरंभी ओक्लाहोमात लवकर उगवणारे परदेशी गवत पुष्कळ ठिकाणी पेरले गेले. माती त्याने धरली. पण त्या माळावरचा लहान प्रेअरी कोंबडा, ज्याला आपल्या माळढोकाप्रमाणे मोकळ्या गवताळ रानावाचून चालत नाही, तो त्यात रमला नाही. शेजारच्या कॅन्ससमध्ये देशी गवते मिसळून लावली, तिथे तो पुष्कळ बरा राहिला. गवत म्हणजे सारे सारखे नव्हे, हे पैसे खर्च झाल्यावर कळले.

मग फळ काय मिळाले? फळ मोठे मिळाले, हे निःशंकपणे सांगितले पाहिजे. १९८२ ते २००७ या पंचवीस वर्षांत अमेरिकेच्या पिकाऊ जमिनीची धूप चाळीस टक्क्यांहून अधिक कमी झाली. त्याचे श्रेय एकट्या भाड्याचे नाही. न नांगरता पेरण्याची पद्धत पसरली, तिचाही त्यात वाटा आहे. आणि १९८५ च्याच कायद्यात दुसरे एक कलम होते, ते आम्हांस भाड्याहूनही महत्त्वाचे वाटते. फार धुपणाऱ्या जमिनीवर मृद्संधारणाचा आराखडा न पाळता पीक घेणाऱ्यास सरकारची इतर अनुदाने मिळणार नाहीत, असे ते कलम सांगते. येथे राखण्याबद्दल बक्षीस नाही, तर जनतेचा पैसा घ्यावयाचा असेल तर जनतेची माती उधळू नकोस, एवढी साधी अट आहे. ती टोचणारी होती, म्हणून तिला भोकेही पडली. १९९६ साली पीकविम्याचे अनुदान या अटीतून वगळले गेले आणि २०१४ साली ते पुन्हा आत आणावे लागले. मधली अठरा वर्षे सरकार एका हाताने माती राखण्याचे पैसे देत होते आणि दुसऱ्या हाताने, जोखमीच्या उतारावर पेरलेल्या पिकाचा विमा स्वस्त करून देत होते.

२००७ साली राखीव जमीन ३ कोटी ६८ लाख एकरांवर पोहोचली. तो तिचा कळस. त्याच सुमारास मक्यापासून इंधन करण्याची सक्ती वाढली, धान्याचे भाव चढले आणि करार संपलेले शेतकरी पुन्हा नांगराकडे वळले. सरकारनेही काटकसर म्हणून २०१४ च्या कायद्याने कमाल मर्यादा २ कोटी ४० लाख एकरांवर खाली आणली. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक एकर योजनेबाहेर पडले! त्यातले काही चराईखाली गवतावर राहिले, पुष्कळसे पिकाखाली गेले. भाव चढला आणि तो दुसरा बैल उलटा फिरला.

मग सारे व्यर्थ गेले काय? सिमॅरॉन कौंटीकडेच परत पाहा. २०११ पासून दोन-तीन वर्षे तिथे भयंकर अवर्षण पडले. पावसाच्या आकड्यांत ते तिसाव्या दशकाच्या तोडीचे होते. धूळ उठली, पिके गेली, गुरे विकावी लागली. पण काळा रविवार पुन्हा आला नाही. का? कारण कित्येक रानांवर गवत होते. कारण नांगराची रीत बदलली होती. कारण तिसाव्या दशकात सरकारने उजाड झालेली काही शेते कायमची विकत घेऊन तिथे गवत आणले, आणि त्यातून झालेल्या रिटा ब्लांका या राष्ट्रीय गवताळ रानाचा एक भाग याच कौंटीत आहे. भाड्याने राखलेली जमीन भावाबरोबर आत-बाहेर होते. सवयीने राखलेली आणि कायमची राखलेली जमीन जागच्या जागी राहते.

आमचे म्हणणे आता एका वाक्यात सांगता येईल. अनुदानाने जमीन वाचत नाही, अनुदानाने वेळ विकत मिळतो. वेळ ही लहान वस्तू नव्हे. बुडत्या शेतकऱ्याला दहा वर्षे म्हणजे जन्मठेपेतून सुटका होय. पण त्या दहा वर्षांत जमिनीची वहिवाट बदलली नाही, तर अकराव्या वर्षी आपण पहिल्या वर्षाच्या जागी असतो आणि तिजोरी तेवढी रिकामी झालेली असते.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. बेनेटचे काम सुरू झाले त्याच सुमारास सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू झाले होते आणि ना. वि. कानिटकरांसारखे संशोधक पाऊस मातीत कसा जिरवावा याची मोजमापे घेत होते. १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि बांधबंदिस्तीचे काम सरकारी योजनेने गावोगाव चालले. आमच्या सरकारने गवताचे भाडे दिले नाही, बांध घालून दिले. पण परीक्षा तीच आहे. बांध फुटला तर तो घालावयाचा कोणी? ‘सरकारने घातला, सरकारच घालील’ असे उत्तर जिथे मिळते, तिथे तो बांध मातीचा असला तरी भाड्याचाच समजावा. आणि जिथे शेतकरी पहिल्या पावसानंतर न सांगता फावडे घेऊन बांधावर जातो, तिथे सरकारचा पैसा सार्थकी लागला म्हणावे.

म्हणून जमीन राखण्यासाठी पैसा द्यावा की नाही, हा वाद आम्हांस गौण वाटतो. द्यावाच. धरणात साचणारा गाळ, शहरात येणारी धूळ, पुढल्या पिढीचे अन्न, यांची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी? पण देताना तीन गोष्टी विचाराव्यात. जो प्रत्यक्ष कसतो त्याच्या हाती त्यातले काय पडते? एका हाताने दिलेले दुसरा हात मोडून तर टाकत नाही ना? आणि शेवटचा हप्ता दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्या रानात काय दिसेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र रानात जाऊनच पाहावे लागते, आणि ते पाहण्याची सवय सरकारला लावणे हे आपणा सर्वांचे काम आहे.